ओढाल तितकं घट्ट

"उन्हाळी लागलीय," असं घरात कुणी म्हटलं की आजी आधी पाण्याचा तांब्या पुढं करायची. मग धने-जिरे भिजत पडायचे, ताक घुसळलं जायचं, जमलं तर शहाळं यायचं. अंगात ऊन शिरलंय, ते खाली उतरवायचं, असा तिचा साधा हिशेब. लघवीला आग, दर दहा मिनिटांनी कळ, आणि धावत गेलं तर चार थेंब. ज्यांनी सोसलंय त्यांना वर्णन नको.

आज आपण लॅबमध्ये नमुना देतो आणि दोन-तीन दिवसांनी कल्चरचा रिपोर्ट घेऊन येतो. त्यावर बहुतेक वेळा एकच नाव छापलेलं असतं: ई. कोलाय. म्हणजे ऊन नव्हे, जीवाणू. आजीचं निदान चुकलं म्हणायचं. तिच्या तांब्याबद्दल मात्र शेवटी बोलू.

खरं तर हे नाव तिथं पाहून दचकायला हवं, कारण ई. कोलायचं घर मूत्राशयात नाहीच, ते आतड्यात आहे. १८८५ साली म्युनिकमधले बालरोगतज्ज्ञ थिओडोर एशेरिश यांनी तान्ह्या बाळांच्या शीमधून तो वेगळा काढला. पुढं त्यांचंच नाव त्याला चिकटलं. तुम्ही हे वाचताय त्या क्षणीही तुमच्या आतड्यात तो कोट्यवधींच्या संख्येनं नांदतोय आणि तुमची त्याच्याबद्दल काही तक्रार नाही. शेजारी म्हणून तसा बरा. मग हा उठून मूत्राशयात जातो कसा? आणि त्याहून मोठं कोडं, तिथं टिकतो कसा?

हे कोडं किती अवघड आहे ते त्याच्या मापानं पाहू. ई. कोलाय असतो सुमारे दोन मायक्रोमीटर लांब. पाचशे जण एकामागं एक उभे केले तर रांग भरते एक मिलिमीटर. बाईचा मूत्रमार्ग साधारण चार सेंटिमीटर, म्हणजे वीस हजार जीवाणूंची रांग. आपल्या उंचीच्या हिशेबात हे अंतर होतं बत्तीसेक किलोमीटर: बोरीबंदरहून चालत निघायचं आणि ठाण्याच्या वेशीपाशी पोचायचं. पुरुषाचा मूत्रमार्ग याच्या चार-पाच पट लांब. त्याच्यासाठी हीच पायपीट घाट चढून थेट तळेगावपर्यंत जाते. जवळजवळ निम्म्या बायकांना आयुष्यात एकदा तरी हा त्रास होतो आणि पुरुषांना त्या मानानं फार कमी, याचं एक मोठं कारण हे साधं अंतर आहे.

आणि ही वाट कोरडी नाही. दर तीन-चार तासांनी समोरून पूर येतो, ऐन भरात सेकंदाला वीसेक मिलिलिटर. ठाण्याला पोचलेल्याला एका झटक्यात पुन्हा बोरीबंदरला आणून समुद्रात टाकणारा पूर. वर खायला काय, तर शरीरानं टाकून दिलेलं पाणी: युरिया, क्षार, आणि जीवाणूला जे हवंच असतं ते लोह जवळजवळ नाहीच. अशा जागी बिऱ्हाड कोण करील?

साधा, आतड्यातला ई. कोलाय करत नाहीच. तो आला तसा वाहून जातो. टिकतो तो वेगळा गडी, अंगावर खास सामग्री बाळगणारा. सूक्ष्मजीवशास्त्रातली मंडळी या सामग्रीला 'व्हिरुलन्स फॅक्टर' म्हणतात. मला हे नाव जरा अन्यायाचं वाटतं. त्यात दुष्टपणाचा वास येतो, आणि जीवाणूचा तुमच्यावर काही राग नाही. त्याला वाहून जायचं नाही, एवढंच. त्याची जवळजवळ सगळी हत्यारं या एका हट्टातून घडलेली आहेत.

पहिलं हत्यार म्हणजे केस. १९५५ साली स्कॉटलंडमध्ये जे. पी. डुगिड आणि त्यांच्या सहकाऱ्यांना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली या जीवाणूच्या अंगभर बारीक तंतूंची झालर दिसली. झालरीसाठीचा लॅटिन शब्द घेऊन त्यांनी तंतूंना नाव दिलं फिंब्रिया. आज अनेक जण पिली म्हणतात. एकेका जीवाणूवर असे शेकडो तंतू. जाडी आपल्या डोक्यावरच्या केसाच्या दहा हजाराव्या भागाइतकी.

हे तंतू बनतात कसे, इथं पहिल्यांदा थांबायला हवं. एक तंतू म्हणजे हजारभर सारख्याच प्रथिनांची माळ. गंमत अशी की या माळेतला एकही मणी स्वतःपुरता पूर्ण नसतो. प्रत्येकाच्या अंगात एक खाच रिकामी, आणि प्रत्येकाला एक लांबडं बोट. मागच्यानं आपलं बोट पुढच्याच्या खाचेत रोवायचं, की पुढचा पूर्ण. त्याचं बोट त्याच्याही पुढच्यात. पोरं एकमेकांचे सदरे धरून आगगाडी करतात ना, तशी. तंतू बाहेर पडतो तो जीवाणूच्या बाह्य आवरणातल्या एका छिद्रातून, सोऱ्यातून चकलीची लड पडावी तसा: टोक आधी, बूड शेवटी. सोऱ्या दाबायला निदान हात तरी लागतो. इथं त्या आवरणापाशी पेशीचं नेहमीचं इंधनच पोचत नाही! मग ढकलतं कोण? मणी खाचेत बसून पक्का होताना जी ऊर्जा मोकळी होते, तिच्यावरच हे काम भागतं.

बाहेर आलेली लड सरळ राहत नाही, स्प्रिंगसारखी वेटोळी घालते. पूर आला, जीवाणू ओढला गेला, की वेटोळी एकामागून एक सुटतात आणि तंतू मूळ लांबीच्या कित्येक पट ताणला जातो. तुटत मात्र नाही. पूर ओसरला की पुन्हा वेटोळी. होडी बांधायला लवचीक दोर वापरावा तशी ही सोय.

पण दोर कितीही चांगला असला तरी खरी मदार असते गळावर. तंतूच्या टोकाला एक प्रथिन असतं, नाव फिमएच. याला एकाच गोष्टीची चटक आहे: मॅनोज नावाची साखर. आणि आपल्या मूत्राशयाचं अस्तर नेमकं तीच साखर मिरवतं. हे अस्तर सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासारखं असतं. जुन्या वाड्यातल्या षटकोनी फरशीसारखे प्रथिनांचे तुकडे एकमेकांना लागून बसवलेले. या प्रथिनांना युरोप्लाकिन म्हणतात, आणि त्यांतल्या एकावर मॅनोजची साखर अडकवलेली असते. फिमएच तिलाच पकडतं.

आता या लेखातली माझी सगळ्यात आवडती गोष्ट.

कुठलीही पकड ओढली की सैल होते, बरोबर? चिकटपट्टी ओढा, निघते. हात ओढा, सुटतो. २००२ साली सिअ‍ॅटलमध्ये वेंडी थॉमस, येवगेनी सोकुरेन्को आणि व्हायोला फोगेल यांनी ई. कोलायच्या थरावर तांबड्या रक्तपेशी सोडल्या आणि वरून द्रवाचा प्रवाह चालू केला. प्रवाह मंद असताना पेशी सैलशा इकडून तिकडं सरकत होत्या. प्रवाह वाढवला, तर त्या वाहून जायला हव्यात. त्या जागच्या जागी घट्ट चिकटल्या! प्रवाह कमी केला, की पुन्हा सैल. जितकं जोरात ओढाल, तितकी पकड पक्की.

आपल्याकडं याला अचूक शब्द आहे. टोक ओढलं की सुटते ती सुरगाठ. ओढलं की आवळते ती निरगाठ. फिमएच ही निरगाठ आहे. तिचे दोन भाग असतात, एक साखर धरणारा आणि दुसरा तंतूला जोडलेला. एरवी ते एकमेकांना टेकून असतात, आणि तोवर साखर धरणारी खोबण उघडी, ढिली. ओढ बसली की दोन भाग दूर होतात, आणि दूर होताना खोबण साखरेभोवती मिटते. पूर या जीवाणूला धुऊन काढण्यासाठी येतो, आणि तोच पूर त्याची मूठ आवळून देतो.

मग कायमच आवळलेली का ठेवत नाही? याचं एक उत्तर मला फार देखणं वाटतं. आपलं शरीरही काही कच्च्या गुरूचा चेला नाही. मूत्रपिंड युरोमोड्युलिन नावाचं प्रथिन लघवीत सोडतं, आणि निरोगी माणसाच्या लघवीत सर्वांत जास्त प्रमाणात असतं ते हेच. १९५० साली टॅम आणि हॉर्सफॉल या शास्त्रज्ञांनी ते शुद्ध स्वरूपात मिळवलं होतं. त्याचे लांब धागे बनतात, आणि त्या धाग्यांवर लटकवलेली असते मॅनोजचीच साखर. म्हणजे आमिष! जीवाणूनं अस्तराऐवजी या धाग्याला धरावं आणि त्याच्यासकट बाहेर वाहून जावं, असा डाव. आता पाहा: पाण्याबरोबर तरंगणारा सुटा धागा जीवाणूला ओढत नाही, कारण दोघंही एकाच वेगानं वाहतात. ओढ नाही, म्हणून निरगाठ बसत नाही. भिंतीला धरलं तरच ओढ बसते. खरी भिंत कोणती आणि आमिष कोणतं हे ओळखायला या मेंदू नसलेल्या जिवाला पूरच मदत करतो. तरी आमिष वाया जात नाही. शेकडो साखरा एकदम पुढं केल्या की जीवाणू त्यात गुरफटतोच. कितीतरी संसर्ग तुम्हाआम्हाला कळायच्या आधीच असे वाहून गेलेले असतात.

इतकं करूनही भिंतीवर उघड्यावर बसणं धोक्याचंच. पांढऱ्या पेशी येतात, औषधं येतात. मग जीवाणू काय करतो? भिंतीच्या आत शिरतो. मूत्राशयाची एक अडचण असते: भरताना फुगायचं, रिकामं होताना आकसायचं. त्यासाठी वरच्या थरातल्या मोठ्या पेशी आपलं जास्तीचं आवरण आत घड्या घालून ठेवतात, साडीच्या निऱ्या खोचाव्यात तसं. या निऱ्यांबरोबर जीवाणू आत खोचला जातो. कित्येकांना पेशी परत बाहेर थुंकते. जे निसटून पेशीच्या गाभ्यात पोचतात, त्यांना आता पूर लागत नाही, आणि पुष्कळशी औषधंही तिथवर नीट पोचत नाहीत.

२००३ साली अमेरिकेत सेंट लुईसमधल्या स्कॉट हल्टग्रेन यांच्या प्रयोगशाळेनं उंदरांच्या मूत्राशयात जे पाहिलं त्याचे फोटो आजही अंगावर काटा आणतात. गुळगुळीत अस्तरावर मधूनमधून फुगवटे, आणि प्रत्येक फुगवटा म्हणजे हजारो जीवाणूंनी ठासून भरलेली एकच पेशी. काही तासांत एकाचं गाव झालेलं! पुढं अशीच गावं माणसांच्या लघवीत झडून आलेल्या पेशींतही सापडली. गाव फुटतं तेव्हा त्यातले काही जीवाणू विभागायचं विसरल्यासारखे नुसते लांबत जातात, शेवयांसारखे. पांढऱ्या पेशीला गोळी गिळता येते. शेवई तोंडात मावत नाही.

शरीराचा यावरचा उपायही जबर आहे. ते ती फरशीच उखडून फेकतं. जीवाणू भरलेल्या पेशी भिंतीवरून सुटतात आणि लघवीतून बाहेर जातात. त्या दिवसांत लघवीला होणारी आग काही अंशी या उखडलेल्या फरशीची आहे. पण फरशी निघाली की खालची जमीन उघडी पडते, आणि उंदरांमध्ये असं दिसलंय की थोडे जीवाणू त्या खालच्या थरात शिरून गप्प झोपी जातात. लघवी तपासा, काही सापडत नाही. आठवडे उलटतात. "गोळ्या संपवल्या, बरं वाटलं, आणि महिन्यात पुन्हा तेच," ही तक्रार कितीतरी बायका करतात. त्यातल्या काहींच्या बाबतीत तरी पाहुणा बाहेरून परत आलेला नसतो, तो गेलेलाच नसतो.

आता जेवणाचं. लोहाशिवाय जीवाणू वाढत नाही, आणि शरीर लोह कडीकुलपात ठेवतं. त्यावर ई. कोलाय एंटेरोबॅक्टिन नावाचा रेणू बाहेर सोडतो. लोह पकडण्यात याचा हात धरणारं फारसं काही निसर्गात नाही. शरीराच्या मुठीतून तो ते हिसकावून आणतो. शरीर म्हणतं, ठीक आहे, आणि लिपोकॅलिन नावाचं प्रथिन धाडून तो रेणूच लोहासकट खिशात घालतं. मग जीवाणू त्या रेणूला ग्लुकोजचे दोन तुकडे चिकटवतो. झालं, आता तो लिपोकॅलिनच्या खिशात मावत नाही! याशिवाय आणखी एक वेगळाच लोहचोर याच्यापाशी असतो, येर्सिनियाबॅक्टिन. हे नाव आलं कुठून? येर्सिनियाकडून, म्हणजे १८९६-९७ मध्ये मुंबई आणि पुणे उजाड करणाऱ्या प्लेगच्या जीवाणूच्या कुळाकडून. त्या जीवाणूकडं जी लोहचोरीची जनुकं, तीच उन्हाळी लावणाऱ्या कितीतरी ई. कोलायकडं असतात.

वर मूत्रपिंडापर्यंत जायचं तर काही ई. कोलाय दुसऱ्याच जातीचे तंतू काढतात. त्यांच्या टोकाचा गळ मॅनोज धरत नाही. तो मूत्रपिंडाच्या पेशींवरची वेगळी साखर ओळखतो, आणि ही साखर तांबड्या रक्तपेशींवरच्या 'पी' नावाच्या रक्तगटातही असते. पोहायला शेपट्या असतात त्या निराळ्याच. आणि शिस्त अशी की नांगर टाकताना वल्ही आवरायची: हे तंतू उगवू लागले की शेपट्या बनवणं थांबवणारा खटका जीवाणूत असतो. मॅनोजवाल्या तंतूंचा खटका तर याहून भारी. पन्नास लाख अक्षरांच्या जनुकसंचात ३१४ अक्षरांचा एक तुकडा असा आहे की तो उचलून उलटा बसवला जातो. सुलटा असला तर तंतू, उलटा असला तर टक्कल. त्यामुळं एकाच वंशात काही झालरवाले, काही बोडके, आणि पुढं पूर येवो की पांढरी पेशी, कुणीतरी तरतंच.

सगळेच पकडीवर विसंबत नाहीत. प्रोटियस नावाचा जीवाणू काठ धरण्यापेक्षा नदीतच खडक उभा करतो. तो युरिया फोडून अमोनिया बनवतो, त्यानं लघवी आम्लाची अल्क होते, आणि विरघळलेले क्षार साखळून खडा धरतात. हे खडे कधी कधी मूत्रपिंडाच्या सगळ्या फटी भरून हरणाच्या शिंगांसारखे वाढतात, आणि मालक आत सुरक्षित. मुतखडा म्हणजे काही वेळा जीवाणूनं बांधलेला किल्ला असतो.

इतकी सामग्री एका जिवाकडं आली कुठून? २००२ साली अमेरिकेत एका रुग्णाकडून मिळालेल्या अशा ई. कोलायचा पूर्ण जनुकसंच वाचून झाला. प्रयोगशाळेतल्या निरुपद्रवी भावंडापेक्षा त्यात जवळजवळ सहा लाख अक्षरं जास्त निघाली. मग हे दोघं आणि अन्नातून बाधणारा तिसरा, अशा तिघांची प्रथिनं ताडून पाहिली. तिघांत सामाईक निघाली फक्त ३९ टक्के! तिघांचं नाव एक, आडनाव एक, आणि घरातलं सामान निम्मंही जुळत नाही. जास्तीचं सामान बरंचसं सलग तुकड्यांत येतं, दुसऱ्या जीवाणूंकडून उचलून आणलेलं. वुर्त्सबुर्गमध्ये योर्ग हाकर यांच्या गटाला दिसलं की असा अख्खा तुकडा गळून पडला तर जीवाणूचा दातच जातो. अशा तुकड्यांना नाव पडलं 'पॅथोजेनिसिटी आयलंड', रोगाची बेटं.

आणि दात गेलेला जीवाणू कसा वागतो? स्वीडनमधल्या एका मुलीच्या मूत्राशयात ई. कोलायचा एक वंश तीन वर्षं राहिला, आणि तिला काहीही झालं नाही. तपासलं तेव्हा दिसलं की तंतूंच्या खटक्याची जनुकंच त्याच्याकडून हरवलीत. तो भिंत धरतच नव्हता, नुसता पुरापेक्षा जलद वाढत होता. वारंवार संसर्ग होणाऱ्या काही रुग्णांच्या मूत्राशयात संशोधकांनी हाच वंश मुद्दाम सोडलाय, दुसऱ्या कुणाला जागा मिळू नये म्हणून. नाटकातली गोष्ट वाटते, पण खरी आहे.

मग मॅनोजचीच पूड खाल्ली तर? फिमएचच्या मुठी साखरेनं भरून टाकायच्या, की काम फत्ते. कल्पना इतकी सरळ आहे की अशी पूड जगभर विकली जाते. ब्रिटनमध्ये ५९८ बायकांवर त्याची चाचणी झाली, अर्ध्यांना सहा महिने रोज मॅनोज आणि अर्ध्यांना दुसरीच पूड. २०२४ साली निकाल आला: फरक पडला नाही. निरगाठ बांधणाऱ्याला सुट्या साखरेनं भुलवणं इतकं सोपं नसावं.

उलट २०१८ साली छापून आलेली दुसरी एक चाचणी पाहा. वारंवार त्रास होणाऱ्या, आणि मुळात कमी पाणी पिणाऱ्या १४० बायका. निम्म्यांना सांगितलं, नेहमीपेक्षा दीड लिटर पाणी रोज जास्त प्या. वर्षभरात बाकीच्यांना सरासरी ३.२ वेळा संसर्ग झाला, यांना १.७ वेळा. आजीचा तांब्या! आग सुरू झाल्यावर डॉक्टरांकडं जावंच लागतं, ताप किंवा पाठीत कळ असेल तर त्याच दिवशी. तिथं धने-जिऱ्यावर भागत नाही. पण वारंवार येणारा पूर हा शरीराचा सगळ्यात जुना पहारा आहे, आणि तो चालतो पाण्यावर आणि वेळच्या वेळी मोकळं होण्यावर.

नेमकं तेच आपल्याकडच्या कितीतरी बायकांना करता येत नाही. शिक्षिका, कंडक्टर, भाजीवाल्या, पोलीस शिपाई सकाळी घराबाहेर पडताना पाणी पीत नाहीत, कारण दिवसभर जायला जागा नसते. मुंबईत २०११ पासून 'राइट टू पी' चळवळीतल्या कार्यकर्त्या बायकांसाठी मोफत आणि स्वच्छ मुताऱ्या मागताहेत. तुमच्या गावच्या एसटी स्टँडवर बायकांची मुतारी उघडी असते का, आत पाणी असतं का, एवढं या आठवड्यात एकदा जाऊन बघा.